नवव्या फोटोचे देणे

अब्बांच्या इंतकालनंतर दोन वर्षे त्यांची लोखंडी पेटी आम्ही उघडलीच नाही. अम्मी म्हणायची, "राहू दे, काय घाई आहे?" मागच्या दिवाळीच्या सुट्टीत घराला रंग द्यायचा म्हणून पेटी हलवावी लागली आणि मग ती उघडलीही. वर पेन्शनचे कागद, एक काळी शेरवानी, शाळेच्या निरोपसमारंभाची शाल. तळाशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्यात अब्बांचा आग्फा क्लिक-थ्री कॅमेरा, बटर पेपरमध्ये गुंडाळलेल्या निगेटिव्हच्या पट्ट्या आणि एक पातळ वही.

अब्बांनी जन्मभर मराठी शाळेत शिकवले, पण स्वतःसाठी लिहायचे ते उर्दूतच. वहीत प्रत्येक रोलला एक पान होते आणि प्रत्येक पानावर बारा ओळी, कारण या कॅमेऱ्यात एका रोलवर बाराच फोटो निघतात. ज्या फोटोचे काम पुरे झाले त्याच्या ओळीपुढे त्यांनी तपासलेल्या वहीवर करतात तशी बरोबरची खूण केली होती. शेवटच्या पानावर 'दिसंबर १९८४' लिहिलेले. त्या पानावर अकरा खुणा होत्या. नववी ओळ तशीच राहिली होती : 'खलिहान. एक कॉपी देना है. वादा किया.'

मी ती ओळ अम्मीला वाचून दाखवली. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुझ्या अब्बांनी किराणावाल्याचे चार आणेसुद्धा कधी ठेवले नाहीत. हे देणेच झाले ना?"

मय्यतीवर कर्ज असेल तर वारसांनी ते आधी फेडायचे, हे आपल्या घरांत लहान मुलालाही ठाऊक असते. फोटोचे देणे कोणत्या खात्यात धरायचे ते मला सांगता येणार नाही. पण दिलेला शब्द कुणा माणसाला दिलेला होता, आणि माणसांचे हक्क माणसांनीच माफ करायचे असतात. मी ठरवले, हिवाळ्यात जायचे.

अब्बांच्या कॅमेऱ्याबद्दल आधी थोडे सांगायला हवे. क्लिक-थ्री हा आपल्या देशात बडोद्याला बनायचा. दिसायला साधी काळी पेटी. त्याच्यात बॅटरी नाही, प्रकाश मोजायची सोय नाही. भिंगाजवळ ऊन आणि ढग अशा खुणा, त्यांपैकी एक निवडायची आणि खटका दाबायचा. साधारण दहा फुटांच्या आत माणूस आला की तो अंधुक येणार. मागे लाल काचेची बारीक खिडकी असते. तिच्यात पुढचा आकडा दिसेपर्यंत हाताने चकती फिरवायची. फिरवायला विसरलात तर आधीच्याच फोटोवर दुसरा फोटो उमटतो, कॅमेरा तुम्हाला अडवत नाही. त्या काळी चंद्रपूरच्या दुकानांत उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल मिळायचा. हा सरकारी कारखाना १९६० साली स्थापन झाला होता. आता तो बंद आहे.

आमच्या घरात मात्र या कॅमेऱ्यावरून कटकट होती. दादीचे म्हणणे, "घर में तस्वीर नहीं लगेगी." सजीवांच्या तसबिरीबद्दलची सक्त ताकीद तिने वडिलांकडून ऐकली होती आणि त्यात तिला तडजोड मान्य नव्हती. फोटोच्या बाबतीत उलमांची मते सारखी नाहीत. काहींना तो पाण्यातल्या प्रतिबिंबासारखा वाटतो, काहींना तसबीरच वाटते. अब्बांनी दादीशी वाद घातला नाही. त्यांनी झाडे, तळी, रस्ते, ढग यांचे फोटो काढले. वहीतल्या जवळजवळ सगळ्या ओळी अशाच आहेत. 'मूल का रास्ता, कोहरा.' 'तालाब, सुबह.' 'सागवान.' नंतर हजच्या कागदपत्रांसाठी दादीला स्वतःच स्टुडिओत जाऊन बसावे लागले. आज आमच्याकडे तिचा तेवढा एकच फोटो आहे, पांढरी ओढणी, गंभीर चेहरा.

दुसरी एक गोष्ट मला अम्मीने सांगितली. अब्बा रोल धुवायचे ते फक्त हिवाळ्यात. मला वाटले, हिवाळ्यातच त्यांना सुट्टी असेल. खरे कारण पाण्याचे होते. काळ्या-पांढऱ्या फिल्मचे रसायन साधारण २० अंशांवर नीट चालते. आमच्या चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. टाकीतले पाणी हाताला चटका देते आणि अशा पाण्यात फिल्मवरचा थर मऊ पडून खराब होतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री माठातले पाणी आपसूक वीस अंशांच्या आसपास असते. म्हणून इशाच्या नमाजनंतर स्वयंपाकघराच्या खिडकीला गोधडी लावून, पूर्ण अंधारात, दोन परातींत रोल खालीवर करत अब्बा मनातल्या मनात मिनिटे मोजायचे. मग हायपोची परात. अम्मीच्या त्या पराती कायमच्या बाद झाल्या, याचा राग तिला अजून आहे.

मला यातले काही येत नव्हते. नववीत शिकणारा माझा मुलगा आणि मी, दोघांनी मिळून कॅमेरा साफ केला. खटका चालत होता. हिवाळ्यासाठी काळ्या-पांढऱ्या फिल्मचा एक रोल मागवला, आठशे रुपयांच्या घरातला. मुलाने हिशेब केला, "अम्मी, एका फोटोला सत्तर रुपये पडणार. जरा बघून दाबायचे." आणि एका स्टुडिओत नवव्या निगेटिव्हची मोठी प्रत काढून घेतली.

तो फोटो मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. धानाचे खळे आहे. मधल्या खांबाभोवती चार बैल ओळीने फिरताहेत. त्यांच्यामागे काठी घेतलेला तरणा माणूस. एका बाजूला सूप धरून उभी बाई, तिच्या पायाशी आठ-नऊ वर्षांची मुलगी, मुलीच्या कडेवर तान्हे मूल. मागे पुंजणी रचलेली आणि त्यांच्याही मागे तलावाच्या पाळीवर मोहाचे मोठे झाड, बुंध्यापासून दोन फांद्यांत फुटलेले. साऱ्या वहीत माणसांचे चेहरे असलेला हा एकच फोटो होता.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही मायलेक जटपुरा गेटबाहेरून सकाळच्या एसटीत बसलो. चंद्रपूर ते गडचिरोली साधारण ऐंशी किलोमीटर. शहरातून निघताना धुके आणि वीजकेंद्राचा, कोळशाचा धूर एकात एक मिसळलेले असतात. आपण धुके बघतोय की धूर, हे नाकाला विचारावे लागते. लोहारा सोडले की जंगल लागते आणि मग खरे धुके सुरू होते. सागाची पाने अजून गळलेली नव्हती, दव पडून जड झालेली होती. अब्बांच्या पहिल्या ओळीतला 'मूल का रास्ता, कोहरा' हाच असणार. मात्र तो नेमका कुठून काढला ते आम्हाला ओळखता आले नाही. रस्ता रुंद झाला आहे, कडेची जुनी झाडे गेली आहेत.

मुलाला मध्येच उतरून फोटो काढायचा होता. शेजारी बसलेल्या बाईंनी त्याला हटकले, "ऊन आल्याबिगर या रस्त्यानं उतरू नको बाबू." ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. आज वाघ पाहायला देशोदेशीची माणसे लांब भिंगांचे कॅमेरे घेऊन मोहर्लीच्या गेटवर येतात. पण मूल, सावली, सिंदेवाही या बाजूच्या शेतकऱ्याला वाघ पाहायला तिकीट काढावे लागत नाही. तो धानाच्या बांधीत येतो, सरपणाला गेलेल्या बाईसमोर येतो. दर हिवाळ्यात माणसे मरतात. पहाटेचा सुंदर प्रकाश म्हणून आपण ज्याची तारीफ करतो, त्या वेळी इथली माणसे दाराला कडी घालून ऊन वर यायची वाट बघत असतात. मुलगा गुमान बसला. पुढे साऱ्या प्रवासात सूर्य हातभर वर आल्याशिवाय आम्ही कॅमेरा काढला नाही.

मूलच्या पुढे प्रदेश बदलतो. वरोरा-राजुऱ्याकडची काळी कापसाची जमीन संपून धानाची झाडीपट्टी सुरू होते. धान कापून झाले होते. बांध्यांमध्ये नुसती खुंटे राहिली होती आणि खुंटांच्या मधून लाखोळीची हिरवी पोपटी वेल वर आली होती. धान उभे असतानाच ओलीत लाखोळीचे बी फेकून देतात. कापणी झाली की दुसरे पीक तयार, नांगर न घालता. जागोजागी पुंजणी उभी होती, मोठमोठ्या टोपल्या उपड्या घातल्यासारखी. आणि दर दोन-तीन मैलांवर तलाव. गोंड राजांच्या काळापासून बांधत आलेले, पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेलेले हे तलाव आज 'मामा तलाव' म्हणून ओळखले जातात, माजी मालगुजारी तलाव. मामाच्या गावाला निघालेल्या मुलाला हे नाव फार आवडले.

या प्रवासात आमचे बारापैकी सात फोटो गेले. एक फोटो गडचिरोलीच्या अलीकडे वैनगंगेचा. हिवाळ्यात ही नदी अंग चोरून बसते. एवढ्या मोठ्या पात्रात वाळूच वाळू आणि मधून एक निळी धार. खटका दाबला तेव्हा एसटीच्या मागे धावण्याची घाई होती आणि मी चकती फिरवायला विसरले. त्यामुळे पुढचा फोटो, खालाच्या अंगणातली शेकोटी, नदीवरच उमटला. रोल धुतल्यावर कळले. वाळूवर शेकोटी पेटली आहे आणि खालूंच्या टोपीतून नदी वाहते आहे. मुलगा म्हणतो, हाच सगळ्यात चांगला आला.

गडचिरोलीला खालाकडे मुक्काम केला. खालू सांगत होते, २६ ऑगस्ट १९८२ ला चांद्याचा हा भाग तोडून वेगळा जिल्हा झाला तेव्हा इथे राहायला घरे मिळत नव्हती. नव्या जिल्ह्यात नेमणूक म्हणजे शिक्षा, असे चंद्रपूरचे नोकरदार म्हणत. अब्बांची बदली चामोर्शी तालुक्यातल्या एका शाळेत झाली. अम्मी आम्हाला घेऊन चंद्रपुरातच राहिली. पठाणपुऱ्यात वाढलेल्या अब्बांना तिथल्या मुलांची बोली पहिले दोन महिने समजली नाही. आधी मुलांनी गुरुजींना झाडी बोली शिकवली, मग गुरुजींनी त्यांना प्रमाण मराठी शिकवली, असे ते हसून सांगायचे.

दुसऱ्या दिवशी मावसभावाच्या जीपने निघालो. वाटेत मार्कंडा. इथे वैनगंगा वळण घेऊन उत्तरेकडे वाहते आणि काठावर शेकडो वर्षांची दगडी मंदिरे आहेत, शिल्पांनी भरलेली. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. अब्बांची सहावी ओळ होती, 'मारकंडा, दरिया के उस पार से.' हा एक फोटो आम्हाला अचूक जुळवता आला. जुना फोटो हातात धरून आम्ही काठाने पुढेमागे चालत राहिलो. शिखर आणि दगडी घाट एका रेषेत आले तेव्हा कळले, चाळीस वर्षांपूर्वी अब्बा इथे उभे होते. अगदी याच दगडाजवळ. मी तिथेच उभी राहून खटका दाबला. चकती फिरवली, दोनदा तपासली.

मोबाईलवर मुलाने तेवढ्यात तीसेक फोटो काढले होते. मी त्याला रागावले नाही. मोबाईल चांगलाच आहे. फक्त बारा फोटो असले की माणूस आधी बघतो, मग ठरवतो, आणि समोर कुणी माणूस असेल तर विचारतो. सत्तर रुपयांचा फोटो चोरून कोण काढेल? चाळीस वर्षांनंतर वहीत ओळ सापडते, ती यामुळेच. मोजून घेतलेल्या वस्तूचा हिशेब राहतो.

शाळेचे गाव सापडायला अडचण आली नाही. शाळा आता नव्या इमारतीत आहे. खळे कुठले, हे मात्र शाळेत कुणालाच सांगता येईना. मी फोटो चहाच्या टपरीवर नेला. सात-आठ जण जमले. चेहरे कुणी ओळखले नाहीत. एक म्हातारे बाबा मात्र फोटो डोळ्याजवळ नेऊन म्हणाले, "हा मोहा त्या टोल्यावरचा होय." शेजारच्या टोल्याचे नाव त्यांनी घेतले. या भागात मोहाच्या झाडांना मालक असतात. कोणत्या झाडाची फुले कोणत्या घराने वेचायची हे पिढ्यान् पिढ्या ठरलेले असते, त्यामुळे मोठे झाड माणसांसारखे ओळखले जाते. मग त्यांनी बैलांवर बोट ठेवले. "डाव्या कडेचा हा शिंगमोड्या. हे जोड कोनाचे होते ते मले मालूम आहे."

टोला तिथून चार किलोमीटर. तलावाच्या पाळीवर मोहाचे झाड उभे होते. दोन फांद्यांपैकी एक विजेने की वाऱ्याने मोडलेली. खाली खळे तिथेच होते, पण बैल नव्हते. मशीनने धान चुरून झाले होते आणि तणसाचा ढीग पडला होता. चाळिशीचा एक माणूस तणस रचत होता. मी माझी ओळख सांगितली, फोटो दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला.

"हा माहा बाप," तो म्हणाला. "ही मोठी बहीन. तिच्या कडेवर मी असन." आणि मग सूप धरलेल्या बाईकडे बोट नेऊन थांबला. "हे माय होय?"

त्याची आई तो तीन वर्षांचा असताना गेली होती. तिचा फोटो कुठेच नव्हता. चाळीस वर्षे त्याने आईचा चेहरा बहिणीच्या सांगण्यावरून मनात धरला होता. "बहीन म्हने, माह्यावानीच दिसे," एवढेच तो बोलला आणि फोटो घेऊन घराकडे निघाला. आम्ही मागोमाग गेलो.

ओसरीत उन्हात त्याचे वडील बसले होते. फोटोतला तरणा माणूस. आता पंचाहत्तरीच्या पुढचे, डोळ्यांत मोतीबिंदू. मुलाने मोठ्याने सांगितले, "बाबा, गुर्जीची पोरगी आली, चांद्यावून. फोटो घेऊन."

त्यांना आठवायला वेळ लागला नाही. "मास्तर सायकलीनं येत. डब्बा घेऊन." डब्बा म्हणजे कॅमेरा. "फोटो देतो म्हनले होते. मी दोनदा शाळेत गेलो इचाराले. मंग कळलं का त्यायची बदली झाली."

दोनदा. चार किलोमीटर जाऊन, चार किलोमीटर येऊन. वहीतली रिकामी जागा वाचताना मला हे कळले नव्हते.

खरे काय झाले ते अम्मीकडून मी निघण्याआधी ऐकले होते. १९८५ च्या जानेवारीत दादी फार आजारी पडली. अब्बांनी धावपळ करून चंद्रपूरला बदली मागून घेतली. आजारपणात दादीने त्यांच्याकडून वचन घेतले की यापुढे माणसांच्या तसबिरी काढणार नाही. अब्बांनी कॅमेराच पेटीत ठेवला आणि पुन्हा हात लावला नाही. रोल धुतलेला होता, निगेटिव्ह तयार होती, फक्त कागदावर प्रत उतरवायची राहिली होती. आईला दिलेले वचन त्यांनी पाळले आणि या माणसाला दिलेले राहून गेले. दादी पुढे बरी झाली, हजला जाऊन आली. तेव्हा तरी त्यांनी प्रत का काढली नाही? विसरले म्हणावे तर वही जपून ठेवली होती. हे मी त्यांना आता विचारू शकत नाही.

मी बाबांपुढे बसले आणि म्हणाले, "बाबा, माझ्या वडिलांकडून चूक झाली. तुम्ही दोनदा गेलात. ते आता नाहीत. त्यांना माफ करा."

ते म्हणाले, "कायची माफी बाई. आला ना फोटो घरी." मग मुलाला म्हणाले, "बैल कोनते आहेत पाहा." मुलगा एकेक सांगू लागला आणि बाबा नावे घेऊ लागले. चारही बैलांची नावे त्यांना पाठ होती. शेवटी हलक्या आवाजात विचारले, "आनि ते? ते कशी दिसते?" मुलाने सांगितले, सूप धरून उभी आहे, मास्तरकडे पाहून हसून राहिली.

जोहरची वेळ झाली होती. मी वजूसाठी पाणी मागितले. सुनेने तांब्या भरून दिला आणि खळ्यावर स्वच्छ तणस पसरून त्यावर धुतलेली चादर अंथरली. अब्बांच्या खळ्यावर, मोहाच्या सावलीत मी आणि माझ्या मुलाने नमाज पढली. अब्बांच्या मगफिरतीसाठी दुआ मागितली. त्यानंतर लाखोळीची भाजी आणि भात खाल्ल्याशिवाय त्यांनी आम्हाला सोडले नाही.

निघताना बाबांनी मुलाला जवळ बोलावले. "तो डब्बा आनला का?" कॅमेरा हातात घेऊन त्यांनी चाचपून पाहिला. "हाच होय." त्यांना फोटो हवा होता. आमचा एकच उरला होता. मोहाच्या बुंध्याशी बाबा, मुलगा, सून आणि दोन नातवंडे उभी राहिली. मी दहा पावले मोजून मागे गेले. हिवाळ्याचे ऊन तिरपे येते, त्यामुळे दुपारीही चेहऱ्यावर मऊ पडते, डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडत नाहीत. 'ऊन' ही खूण लावली, श्वास धरला आणि दाबले. मुलाने वहीत बारावी ओळ लिहिली. त्याने मराठीत लिहिली : 'मोहाखाली. प्रत देणे.'

परतताना जीपमध्ये मला आणखी एक गोष्ट आठवली. गेल्या शतकाच्या चाळीसच्या दशकात क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ नावाचे मानववंशशास्त्रज्ञ आदिलाबादच्या गोंड गावांत राहत होते. आपला राजुरा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात, त्याच जिल्ह्यात होता. त्यांनी गोंडांचे पुष्कळ फोटो काढले. आज ते लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज या संस्थेत जपून ठेवलेले आहेत. ते जपले गेले, हे चांगलेच झाले. पण त्यांतल्या किती घरांत आपल्या आजोबांचा फोटो पोचला असेल? आपण सुट्टीत गडचिरोलीला जातो, धानाच्या बांधीतल्या बाईचा फोटो काढतो, 'पाठवतो हं' म्हणतो आणि घाट उतरायच्या आत विसरतो. समोरचा माणूस मात्र दोनदा विचारायला जातो.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी रात्री मी आणि मुलाने रोल धुतला. आता अंधारात पराती हलवाव्या लागत नाहीत, झाकणाचा डबा मिळतो. रोल डब्यात भरेपर्यंत तेवढा अंधार लागतो. थर्मामीटर माठात बुडवला. बरोबर वीस. अम्मी दारात उभी राहून म्हणाली, "माझ्या परातींना हात लावलात तर बघा." फिल्म वाळत टाकली तेव्हा बारावा फोटो उलटा, काळ्याचा पांढरा, तारेवर लोंबत होता. त्यातही बाबा ओळखू येत होते.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी अशी पेटी असेल. निगेटिव्ह सापडल्या तर फेकू नका. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडल्या तर आमच्याकडच्या पावसाळ्यात त्यांना बुरशी लागते. साध्या कागदात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा. मोबाईलच्या पांढऱ्या पडद्यावर पट्टी धरून दुसऱ्या मोबाईलने फोटो घेतला आणि तो उलटा केला की काय आहे ते घरीच दिसते. आणि घरात जुनी माणसे आहेत तोवर फोटोमागे नावे लिहून घ्या. नंतर बैलांवरून आणि झाडांवरून शोधावे लागते.

बाराव्या फोटोच्या दोन प्रती मावसभावाने २६ जानेवारीला टोल्यावर नेऊन दिल्या. त्याचा निरोप आल्यावर मी वही काढली. मुलाच्या ओळीपुढे खूण त्यालाच करू दिली. १९८४ च्या पानावर नवव्या ओळीपुढे खूण करायला अम्मीने पेन मागून घेतला. तिचा हात थोडा कापला, पण खूण बरोबरचीच झाली.